गाडीला कव्हर, अंगाला काय?

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच मोरणा खोऱ्यातला एक तरुण आत आला. नोकरी कराडला, रोज मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करणारा. मान आखडलेली, नाक वाहत असलेले, बोटे गारठलेली. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा आणि मोकळं करा. दहाच्या आत कराड गाठायचंय."

मी विचारले, "घरातून निघताना अंगावर काय होतं?"

"हेच की."

'हेच' म्हणजे टेरिकॉटचा पातळ सदरा, आत बनियन आणि पायात चप्पल.

"स्वेटर नाही का?"

"आहे की. पण दुपारी उकडतं हो. तो सांभाळत कोण बसणार?"

तपासून, गोळ्या लिहून दिल्या. इंजेक्शनची गरज नव्हती, त्यामुळे स्वारी थोडी नाराजच झाली. तो गाडी चालू करताना सहज बाहेर नजर गेली. गाडी नवी कोरी. सीटला मऊ कव्हर, टाकीला रेक्झिनचे कव्हर, हँडलला गोंडे. गाडीचा थाट नवरदेवासारखा आणि वर बसणारा मात्र उघडाबोडका! आरशाशेजारी हेल्मेट लटकत होते, तेही कोपरात अडकवण्यासाठीच असावे.

वाचकहो, हे चित्र एकट्याचे नाही. पाटण, मल्हारपेठ, ढेबेवाडी, तारळे, चाफळ, कुठल्याही रस्त्याला सकाळी उभे राहा, शंभरातले बहुतेक असेच दिसतील. पूर्वी पाटणहून कराडला जायचे म्हणजे एसटी. खिडकीची काच खाली ओढली की वारा थांबत असे. आता घरटी एक दुचाकी झाली. शिक्षक, परिचारिका, कारखान्याचे कामगार, दूध घालणारे, महाविद्यालयातली मुले-मुली, सगळे गाडीवर आले. वाहन बदलले, पण अंगावरचे कपडे एसटीतलेच राहिले. आजचा लेख त्याविषयी आहे.

एका दिवसात तीन ऋतू

आपल्याकडे आश्विन-कार्तिकाचे दिवस मोठे फसवे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून निरोप घेतो. जाता जाता दुपारनंतर ढग भरून येतात, विजा कडाडतात, तासाभरात रस्ता धुऊन निघतो. आकाश निरभ्र झाले की दुपारचे ऊन भाजून काढते. रात्री त्याच निरभ्र आकाशामुळे जमिनीतली ऊब निघून जाते आणि पहाटे दात वाजतात.

त्यात आपला तालुका डोंगराळ. कोयना, केरा, मोरणा, तारळी, वांग अशा नद्यांच्या खोऱ्यांत गावे वसलेली. गार हवा जड असते. रात्री ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि नदीकाठी साचून राहते. म्हणून पहाटे वरच्या वाडीवर बरे वाटते, पण खाली पुलाजवळ आलो की एकदम गारठा आणि धुके लागते. उलट सडावाघापूरसारख्या पठारावर धुके नसले तरी वारा उभे राहू देत नाही. कोयनानगरकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्याचे तर विचारूच नका. घाटमाथ्यावर हुडहुडी भरते आणि तासाभराने कोकणात घामाच्या धारा लागतात.

म्हणजे सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात या तीन वेळांना तीन वेगळे ऋतू असतात. आणि आपण कपडे ठरवतो ते घराच्या दारात उभे राहून, त्या घटकेची हवा बघून. चूक इथेच होते.

आपल्या जुन्या वैद्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. शरद ऋतूत आजार इतके वाढतात की त्याला गमतीने वैद्यांची आईच म्हणत. वाग्भटाने अष्टांगहृदयात ऋतुसंधीची कल्पना मांडली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस, असे हे चौदा दिवस. या काळात जुनी राहणी एकदम न सोडता हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, असा त्याचा सल्ला आहे. कपड्यांनाही हाच न्याय लागू आहे. एकदम जाड कोट नको आणि एकदम उघडे अंगही नको.

वारा आपणच तयार करतो

गाडीवर बसलेल्या माणसाचे हवामान दारात उभ्या असलेल्या माणसापेक्षा वेगळे असते. हवा अगदी स्तब्ध असली तरी ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी चालली की अंगावर ताशी ५० किलोमीटरचा वारा येतो. एवढा वारा गावात सुटला तर अख्खी झाडे हलतात आणि आपण दारे-खिडक्या लावून घेतो. गाडीवर मात्र पाऊण तास तोच वारा छातीवर घेतो आणि वर म्हणतो, "थंडी कुठं आहे?"

शरीर आपल्या कातडीभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर धरून ठेवते. वारा तो थर सतत उडवून नेतो. कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी २००१ पासून याचे एक गणित वापरात आणले आहे. त्या गणिताप्रमाणे हवा १० अंश सेल्सिअस असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ५ ते ६ अंशांइतके गार वाटते. दसऱ्याला आपल्याकडे इतकी थंडी नसते हे खरे, परंतु दिवाळीनंतर खोऱ्यातल्या पहाटेची कल्पना ज्याची त्याला आहे.

अंग ओले असेल तर प्रकरण आणखी बिघडते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. शिवाय ओला कपडा वाऱ्यावर वाळताना अंगातलीच उष्णता वापरतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने घामेजलेला किंवा भिजलेला माणूस गाडीवर गारठतो. त्यामुळे खरा धोका नेहमी सकाळीच असतो असे नाही. दिवसभर काम करून बनियन घामाने चिंब झालेले असते, सात वाजता सुटी होते आणि माणूस तसाच गाडीवर बसतो. घरी पोचेपर्यंत पाठ धरलेली असते.

गारठलेली बोटे आणि सात मीटर

"थंडी वाजली तर वाजली, मरत नाही कोणी," असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब सांगतो.

थंडीत शरीर आधी आतले अवयव सांभाळते आणि हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे बधिर होतात, चपळाई कमी होते. आता ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. दोनपदरी डांबरी रस्त्याची रुंदी साधारण तेवढीच असते. रस्त्यात आडवे आलेले कुत्रे, वळणावर वळणारा ट्रॅक्टर किंवा शाळेचे पोर आणि आपण, यांच्यात एवढेच अंतर असू शकते.

त्यात हा हंगाम उसाचा. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि पहाटेपासून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रेलर रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, चमकणारी पट्टीही नसते. शेतातून येणाऱ्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो, त्यावर दव किंवा परतीचा पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. अशा वेळी कुडकुडत, डोळ्यांतले पाणी पुसत, खांदे आक्रसून गाडी चालवणारा माणूस स्वतःला आणि दुसऱ्यालाही धोका असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे थंडीमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या वाहनावर सर्वांत जास्त माणसे मरतात, त्या वाहनावर बसताना अंगावर काय घालावे याचा पाच मिनिटेही विचार होऊ नये, हे मात्र नवल आहे. माझे मत स्पष्ट आहे. गाडीवरचे कपडे ही हौस नाही आणि नाजूकपणाही नाही. ब्रेक आणि दिवा जसा गाडीचा भाग, तसेच स्वाराचे कपडे हाही गाडीचाच भाग समजावा.

मग घालावे काय?

एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. ही युक्ती जुनी आहे. एकेक उतरवत आणि चढवत दिवस काढता येतो.

अंगाला लागून साधे सुती बनियन असावे. सुती कापड घाम शोषते, पण तो धरून ठेवते. म्हणून एक कोरडे बनियन पिशवीत टाकून न्यावे. कामावरून सुटल्यावर, गाडीवर बसण्यापूर्वी ओले बनियन बदलावे. हा उपाय फुकटातला आहे आणि पाठदुखीच्या निम्म्या तक्रारी त्याने कमी होतील असे मला वाटते.

मधला कपडा ऊब धरणारा हवा. लोकरीचा पातळ स्वेटर उत्तम. आपल्या भागातले मेंढपाळ आणि गुराखी पिढ्यानपिढ्या घोंगडी पांघरून पावसाळा काढत आले, त्याचे कारण हेच. लोकर दमट झाली तरी ऊब पूर्णपणे सोडत नाही. सुती कापड भिजले की गारठते.

सर्वांत वर वारा अडवणारा कपडा, म्हणजे जर्किन किंवा विंडचीटर हवा. इथे बरेच जण चुकतात. नुसता स्वेटर घालून गाडीवर बसतात आणि "स्वेटर घालूनही थंडी वाजते" म्हणून तक्रार करतात. स्वेटरच्या विणीत जी हवा अडकते तीच ऊब देते. वारा त्या विणीतून आरपार गेला तर स्वेटर असून नसल्यासारखा. वर नायलॉनचे पातळ जर्किन चढवले की तोच स्वेटर दुप्पट काम करतो. जर्किनची चेन गळ्यापर्यंत लावावी आणि मनगटाशी लवचीक पट्टी असलेले बघून घ्यावे. दुपारी उन्हात ते घडी घालून डिकीत टाकावे. बंद जर्किन घालून भर दुपारी गाडी चालवली तर घाम जिरत नाही, डोके जड होते. निघताना पाणी पिऊन निघावे.

जर्किन जवळ नसेल आणि वाटेत थंडी पडली तर? हातातले हे वर्तमानपत्र वाचून झाले की रद्दीत टाकू नका. त्याची दोन-चार पाने घडी करून सदऱ्याच्या आत छातीवर ठेवा आणि वर बटणे लावा. वारा अडतो. हा विनोद समजू नका. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीतले स्वार डोंगर चढून घामाघूम झाल्यावर उतारावर हेच करीत आले आहेत.

हातात मोजे हवेतच. पातळ असले तरी चालतील, पण ब्रेक आणि क्लच नीट दाबता आला पाहिजे. पडल्यावर माणूस आधी हात टेकतो, तेव्हाही मोजे तळहाताची सालटे वाचवतात. पायात बूट किंवा मागून बंद असलेले पादत्राण हवे. मधुमेह असणाऱ्यांनी तर चपलेवर गाडी चालवूच नये. पायाची संवेदना कमी झालेली असली की खरचटलेले किंवा सायलेन्सरला भाजलेले लगेच कळत नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते.

डोके, कान आणि डोळे

कानात वारा शिरतो म्हणून कानटोपी किंवा मफलर गुंडाळणारे पुष्कळ. त्या मफलरवर हेल्मेट बसत नाही, म्हणून हेल्मेट आरशाला. खरे तर हेल्मेटइतकी चांगली कानटोपी दुसरी नाही. ते कान, कपाळ आणि मान झाकते आणि पडलो तर डोके वाचवते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र ते आयएसआय शिक्क्याचे असावे आणि पट्टा लावलेला असावा. आत जाड टोपी घातली तर हेल्मेट सैल-घट्ट होते. घालायचाच तर पातळ सुती रुमाल घालावा. काच थोडी उघडी ठेवली तर श्वासाने धुरकट होत नाही.

संध्याकाळी चिलटे आणि किडे डोळ्यांत जातात. त्यासाठी पारदर्शक काचेचा चष्मा वापरावा. दिवसाचा काळा चष्मा सातनंतर घालणे म्हणजे डोळे मिटून गाडी चालवण्यासारखे आहे.

रंगाचेही थोडे बघावे. आपल्याकडे जर्किन म्हटले की काळे. गाडी काळी, हेल्मेट काळे, जर्किन काळे आणि पहाटेचे धुके. समोरच्या ट्रकवाल्याने बघायचे कसे? न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चमकदार किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्या दुचाकीस्वारांना गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना तो काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होता. जर्किन नवे घेणे जमत नसेल तर पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. कोणताही शिंपी हे काम करून देईल.

काही गैरसमज

"गार वारा लागला आणि तोंड वाकडं झालं," असे सांगणारे रुग्ण दरवर्षी येतात. चेहऱ्याच्या एका नसेला सूज आल्याने असे होते. अनेकदा त्यामागे विषाणू असावा असे मानले जाते. गार वाऱ्याचा दोष ठामपणे सिद्ध झालेला नाही. पण कारण काहीही असो, तोंड वाकडे झाले तर घरी शेकत बसू नये. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर गुण चांगला येतो. तोंडाबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे जड झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी तास-दोन तासही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

सर्दीचेही तसेच. सर्दी विषाणूने होते, नुसत्या थंडीने नाही. परंतु नाकाचे अस्तर गारठले की त्याची प्रतिकार करण्याची ताकद कमी होते. म्हणून सकाळी नाकावर स्वच्छ रुमाल बांधणे शहाणपणाचे. दमेकऱ्यांना तर याचा दुहेरी फायदा होतो. रुमालामुळे आत जाणारी हवा थोडी गरम आणि दमट होते आणि धूळही अडते. नियमित घ्यायचा पंप मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नये.

हृदयविकार आणि रक्तदाब असणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. छाती झाकलेली असावी आणि शक्य असल्यास ऊन पडल्यावर निघावे. गाडीवर छातीत दडपल्यासारखे झाले तर "वारा भरला" म्हणून पुढे रेटू नये.

आणखी एक तक्रार या दिवसांत वाढते, ती म्हणजे जांघेतला नायटा. पावसात भिजलेली जीनची पँट दिवसभर अंगावर वाळते. तसेच तासन्तास सीटवर बसणे होते. बुरशीला आणखी काय हवे? माणूस लाजेने दवाखान्यात येत नाही, दुकानातून ट्यूब आणतो. त्यांतल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. चार दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. कपडे कोरडे ठेवा, ओले झाले तर बदला आणि ट्यूब विचारल्याशिवाय लावू नका.

पाऊस आलाच तर रेनकोट भिजण्याआधी घालावा. भिजल्यावर घालून उपयोग नाही. विजा चमकत असतील तर रेनकोट काही कामाचा नाही. दुचाकीवर विजेपासून संरक्षण मिळत नाही आणि झाडाखाली थांबणे तर त्याहून वाईट. पक्क्या इमारतीत थांबावे. अर्धा तास उशीर झाला म्हणून आकाश कोसळत नाही.

मागे बसलेली आणि पुढे बसलेला

आता जरा नाजूक विषय. ज्यांच्या घरी जर्किन आणि हेल्मेट आहे, तिथे ते कोणाला मिळते? चालवणाऱ्याला, म्हणजे बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाला. मागे बायको बसलेली असते, तिच्या अंगावर साडी आणि पदर. मांडीवर तान्हे मूल. आणि पुढे टाकीवर तीन-चार वर्षांचा मुलगा, हँडलला धरून. सगळ्या घराला गमतीचे वाटते. पण नीट बघा. येणारा वारा आधी त्या पोराच्या छातीवर आदळतो आणि मग उरलासुरला बापाला लागतो. म्हणजे जर्किन घातलेला बाप पोराच्या आडोशाला बसलेला असतो! लहान मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. आणि ते तक्रारही करीत नाही, नुसते गप्प होते.

कायद्यानेही आता याची दखल घेतली आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा बंधनकारक आहे. वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको असेही नियम सांगतो. चारच्या वरच्या मुलाला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. पण पोलिसांची पावती चुकवण्यासाठी हेल्मेट घालणारे आपण, मुलाच्या स्वेटरसाठी कोणाच्या पावतीची वाट बघणार?

बायकांबद्दलही बोलले पाहिजे. साडीवर स्वेटर घातला तर "म्हातारी दिसतेस," जर्किन घातले तर "हे काय नवीनच!" असे ऐकावे लागते, म्हणून कित्येक जणी कुडकुडत बसतात. शाळेत, आरोग्य केंद्रात, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या बहिणी स्वतः स्कूटी चालवतात, त्यांनाही हेच ऐकावे लागते. थंडी बाई-पुरुष बघून वाजत नाही. पदर आणि ओढणी मात्र खोचलेली हवी, रुमालाची टोके जर्किनच्या आत हवीत. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी असावी, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच म्हटले आहे. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यांनी एकदा एखाद्या अपघात विभागात तासभर बसून यावे.

थोडे मालकांना, थोडे घरच्यांना

"दुपारी उकडतं, मग ते सांभाळत कोण बसणार?" हा त्या तरुणाचा प्रश्न मला अजून आठवतो. प्रश्न अगदी चुकीचा नाही. स्वेटर, जर्किन, हेल्मेट घेऊन माणूस कामावर पोचतो आणि ठेवायला जागा नसते. खुर्चीवर टाकले तर साहेब बघतात, गाडीवर ठेवले तर चोरीला जाते. मग दुसऱ्या दिवशी तो ते घरीच ठेवतो. आमच्या तालुक्यातल्या कार्यालयांना, दुकानमालकांना, शाळा-महाविद्यालयांना माझी विनंती आहे. भिंतीला एक फळी आणि दहा-वीस खुंट्या मारून द्या. खर्च नाममात्र आहे. गारठून आलेल्या, दुसऱ्या दिवशी आजारी पडून रजा टाकणाऱ्या माणसापेक्षा तो खर्च नक्कीच कमी आहे. पाऊस पडत असेल त्या दिवशी कोणी अर्धा तास उशिरा आला तर त्याच्या मागे लागू नका.

आणि घरच्यांना एक सांगणे. दिवाळीला गाडी धुऊन, हार घालून आपण पूजा करतो. नवे कव्हर, नवे गोंडे येतात. यंदा ते पैसे बाजूला ठेवा. त्यात आणखी थोडी भर टाकून एक जर्किन, दोन जोड हातमोजे आणि मागे बसणारीसाठी एक हेल्मेट आणा. घरात एकच जर्किन परवडत असेल तर जो उघड्यावर जास्त बसतो त्याला ते आधी द्या. पोराला टाकीवरून उतरवून आईच्या आणि बापाच्या मध्ये बसवा, पट्टा बांधा.

तो तरुण दोन आठवड्यांनी पुन्हा आला होता, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. अंगावर निळे जर्किन होते. मी काही बोललो नाही. जाताना तोच म्हणाला, "डॉक्टर, सकाळी आता बोटं ब्रेकवर बसतात बघा."

औषध लिहून द्यायला कागद लागतो. या आजारावरचा उपाय मात्र घरातल्या खुंटीवरच टांगलेला असतो. उद्या सकाळी निघताना तेवढा काढून अंगात घाला.